मराठी फाइल लॅबमध्ये उघडली की ‘ई जे के बी एच’ का दिसतं

सबमिशनचा आठवडा आला की माझ्या टेबलापाशी एकच वाक्य ऐकू येतं, “सर, घरी बरोबर होतं की!”

मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. प्रिंटर, वायफाय, विसरलेले पासवर्ड, सगळंच बघतो. पण सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड एकच: घरून मराठीत टाइप करून आणलेली फाइल लॅबच्या मशीनवर उघडली की अक्षरं ओळखू येत नाहीत. खानापूरची मुलगी असो, निपाणीचा मुलगा असो, नाहीतर चंदगडहून रोज एसटीनं येणारा कुणी, दुखणं तेच. आणि दर वेळी कुणीतरी घाबरून पन्नास पानं परत टाइप करायला बसलेलं असतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

आधी लक्षण नीट बघा

‘मराठी दिसत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही. काय दिसतंय ते बघा, कारण प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळं आहे.

– मराठीच्या जागी साध्या रोमन अक्षरांची रांग. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं दिसली तर डोळे झाकून समजा: कृतिदेव नावाचा जुना फाँट.

– रोमन अक्षरं आहेत, पण त्यांत कॉपीराइटची खूण, परिच्छेदाची खूण, स्वराघाताची युरोपी अक्षरं असं काहीही मिसळलेलं. ही बहुधा श्री-लिपी किंवा तिच्या जातकुळीतला दुसरा जुना फाँट.

– वरच्यासारखंच विचित्र, पण एक जोडी पुन्हा पुन्हा येते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, नाहीतर जपानी येनची खूण. हा फाँटचा प्रश्न नाहीच. खाली सांगतो.

– रिकामे चौकोन.

– अक्षरं मराठीच, पण वेलांटी सुटी पडलेली, काना-मात्रेशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली.

– कन्नड अक्षरं दिसतात, पण कन्नड येणाऱ्यालाही वाचता येत नाहीत.

– नुसती प्रश्नचिन्हं. ओळच्या ओळ.

– स्क्रीनवर सगळं ठीक, प्रिंट मात्र गचाळ. नाहीतर अनुक्रमणिकेत पान ४२ लिहिलंय आणि प्रकरण सुरू होतं ४५ वर.

यांतलं प्रश्नचिन्हांचं लक्षण तेवढं खरोखर वाईट. बाकी सगळ्यांत मजकूर जागेवर असतो, फक्त त्याचे कपडे बदललेले असतात.

काहीही करायच्या आधी

फाइल सेव्ह करू नका. ‘बदल जतन करायचे का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. मग पेन ड्राइव्हवरच्या फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर काढा आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करा.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलाची फाइल आली, त्यात मराठी मजकूर कृतिदेवमध्ये आणि मध्ये मध्ये इंग्रजी अवतरणं. मी सगळं सिलेक्ट करून मंगल फाँट लावला. दिसलं काहीच नाही, पण सेव्ह मात्र झालं. त्यानं काय बिघडलं? कृतिदेवच्या फाइलमध्ये ‘म’ साठवलेला नसतोच. साठवलेला असतो रोमन ई, आणि फाँट त्या ईच्या जागी म चं चित्र काढतो. म्हणजे ‘हे इंग्रजी’ आणि ‘हे मराठी’ यांत फरक सांगणारी एकच गोष्ट फाइलमध्ये होती, ती म्हणजे फाँटचं नाव. तीच मी पुसली. मग कुठली ओळ खरी इंग्रजी आणि कुठली मुखवटा उतरलेली मराठी, हे एकेक ओळ वाचून वेगळं करावं लागलं. तो मुलगा आणि मी, संध्याकाळचे सात वाजले.

म्हणून ‘सगळं सिलेक्ट करून दुसरा फाँट लावून बघू’ हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि तोच सगळ्यात शेवटी करायचा असतो.

पहिली तपासणी: मोबाइल

फुकट, अर्ध्या मिनिटाचं काम. तीच फाइल स्वतःच्या फोनवर उघडा. आजच्या कुठल्याही अँड्रॉइड फोनमध्ये युनिकोड (म्हणजे ‘म’ हा म म्हणूनच साठवणारी पद्धत) देवनागरी दाखवणारा फाँट असतोच, आणि कृतिदेव किंवा श्री-लिपी सहसा नसते. त्यामुळे फोन हा चांगला पंच आहे. फोनवर मराठी नीट वाचता आली तर फाइल युनिकोड आहे, धडधाकट आहे, दोष आमच्या मशीनचा. फोनवरही रोमन भेळच दिसली तर फाइल जुन्या फाँटमधली आहे आणि लॅबच्या मशीनला दोष देऊन उपयोग नाही.

एक फसगत सांभाळा. पीडीएफ असेल तर हा पंच चालत नाही. पीडीएफच्या पोटात फाँट भरलेला असू शकतो, त्यामुळे जुन्या फाँटची पीडीएफही फोनवर सुरेख दिसते. तिथे एक शब्द कॉपी करून स्वतःलाच मेसेजमध्ये पेस्ट करा. रोमन उमटलं तर आतला माल जुनाच.

दुसरी तपासणी: फाँटचं नाव

बिघडलेल्या मजकुरात कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीत फाँटचं नाव वाचा. फाँट मशीनवर नसला तरी नाव फाइलमध्ये राहतं. वर्डमध्ये ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथून खाली ‘फाँट सब्स्टिट्यूशन’ असं बटण आहे. ते दाबलं की या फाइलला हवे असलेले पण मशीनवर नसलेले सगळे फाँट आणि त्यांच्या जागी काय वापरलंय ते समोर येतं. हे नाव वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मंगल, निर्मला यूआय, कोकिळा, अपराजिता, उत्साह, नोटो, लोहित, शोभिका, यशोमुद्रा यांपैकी काही असेल तर ते युनिकोड. कृतिदेव, योगेश किंवा सुरेख यांच्या नावाआधी टीटी लागलेले, शिवाजी असे असतील तर जुने. श्री-देव नावानं दोन्ही प्रकार भेटतात, तिथे नावावर न जाता फोनचा निकाल माना. आणि नाव नुडी या कन्नड फाँटचं असेल तर कन्नड दिसण्याचं कोडं सुटलं. आमच्या एका मशीनवर कुणीतरी वर्डचा डीफॉल्ट फाँटच जुनी नुडी करून ठेवला होता. मराठी कृतिदेवचा मजकूर त्यात पेस्ट केला की रोमन अक्षरांवर कन्नडचा मुखवटा चढायचा. कन्नड विषयाच्या मॅडम येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, ‘अर्थ इल्री.’ अर्थ असणारच नव्हता.

हे इथेच इतकं का होतं, याचं माझं उत्तर असं आहे. सीमाभागातल्या पोराची फाइल तीन मुलखांतून येते. फोनवर स्वतः टाइप केलेला भाग युनिकोड. कोल्हापूरच्या किंवा गडहिंग्लजच्या मामाच्या ओळखीतल्या डीटीपीवाल्याकडून आलेला भाग श्री-लिपीत, कारण पत्रिका-पुस्तकांच्या छपाईत ते फाँट अजून पक्के बसलेत. आणि उघडायचं मशीन कर्नाटकातलं, ज्यावर इंग्रजी आणि कन्नडची सोय आधी केलेली. पुण्यात या तिन्ही गोष्टी सहसा एकत्र येत नाहीत.

तिसरी: कीबोर्ड

हे फक्त ‘टाइप करताना कन्नड उमटतंय’ म्हणणाऱ्यांसाठी. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण बघा, विंडोज कळ धरून स्पेस दाबा, मराठीवर या. झालं. यादीत मराठी नसेलच तर सेटिंग्जमध्ये भाषा जोडावी लागते.

पण इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. के च्या कळीवर मराठीत क आहे, कन्नड इनस्क्रिप्टमध्येही क च आहे. सी वर म, जे वर र, एल वर त, दोन्हीकडे तसंच. शिफ्ट आणि एन दाबलं की इकडे ळ, तिकडेही ळ. युनिकोडच्या आतही तीच मांडणी आहे, कारण दोन्ही लिप्यांचे तक्ते इस्की या भारतीय मानकाच्या साच्यावर बेतलेले. देवनागरी म चा क्रमांक २३५०, कन्नड म चा ३२४६. आपापल्या तक्त्याच्या आरंभापासून मोजलं तर दोघंही शेहेचाळीस घरं पुढे. म्हणजे एकदा बोटं बसली की मराठीचा प्रबंध आणि कन्नडचा अर्ज एकाच सवयीनं टाइप होतो. आपल्याकडच्या पोरांना यापेक्षा फायद्याचा कीबोर्ड नाही, आणि तो विंडोजमध्ये फुकट आहे.

चौथी: ‘चार पायांचं वर्तुळ’ म्हणजे एक्सेल

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य यांची मुलं गूगल फॉर्मवर सर्वेक्षण करतात. उत्तरं मराठीत येतात. ती सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल, म्हणून उतरवून घेतात, डबल क्लिक करतात, एक्सेल उघडतं आणि ती रेघवाल्या ए ची जत्रा भरते.

कारण असं. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि देवनागरीत पहिले दोन बाइट ठरावीकच. एक्सेल त्या तीन बाइटना तीन वेगळी युरोपी अक्षरं समजून दाखवतं. म्हणून ती जोडी पुन्हा पुन्हा येते. कन्नड उत्तरं असतील तर चार पायांच्या वर्तुळाऐवजी वर चढवलेला छोटा दोन किंवा तीन दिसतो. त्यावरून न वाचताही सांगता येतं की उत्तर देणाऱ्यानं कुठल्या लिपीत लिहिलंय.

उपाय सोपा. ती खिडकी सेव्ह न करता बंद करा. कोरं एक्सेल उघडा, डेटा, मग ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा, आणि ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. मराठी समोर उभी राहते. हे करायचं नसेल तर गूगल शीट्समध्येच काम करा, तिथे हा प्रश्न येत नाही.

बिघडलेल्या अवस्थेत सेव्ह मात्र करू नका. मग दुरुस्ती शक्य असते, पण खात्रीची नाही.

पाचवी: फाइल युनिकोड आहे, तरी दिसत नाही

चौकोन, ठिपक्यांची वर्तुळं, फुटकी जोडाक्षरं या गटातली. फोनवर नीट दिसली असेल तरच इथे या.

सगळ्यात आधी शेजारच्या मशीनवर उघडून बघा. तिथे नीट असेल तर तिथेच काम उरका आणि बिघडलेल्या मशीनचा नंबर मला लिहून द्या. डेडलाइनच्या दिवशी मशीन दुरुस्त करायला बसायचं नसतं.

दुसरं, प्रोग्राम बदलून बघा. जुन्या पोस्टर बनवायच्या प्रोग्राममध्ये वेलांटी सुटी पडते, कारण जोडाक्षर जुळवणारी यंत्रणा त्यात नसते किंवा बंद असते. तोच मजकूर वर्डमध्ये, लिबरऑफिसमध्ये किंवा ब्राउझरमध्ये गूगल डॉक्सला नीट दिसतो. ॲ हे अक्षर तेवढं चौकोन दिसत असेल तर फाँट जुना आहे. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फाँटांना ते माहीतच नाही.

तिसरं, फाँट टाका. निर्मला यूआय विंडोज ८ पासून मशीनमध्ये असतो, पण विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक गाठोड्यात गेलेत. त्यामुळे घरच्या मशीनवर मंगलमध्ये केलेला प्रबंध लॅबमध्ये निर्मलात उघडतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतली पानं चुकतात. अक्षरं बरोबर असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि बाइंडिंग झाल्यावर गाइड विचारतात. नोटोसारखा मोफत फाँट पेन ड्राइव्हवर बाळगा. २०१८ च्या शेवटी आलेल्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये आपल्यापुरता फाँट टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. काही लॅबमध्ये डीप फ्रीझ असतं. मशीन रीस्टार्ट झालं की तुम्ही टाकलेलं सगळं पुसतं. काल टाकलेला फाँट आज गायब असेल तर कुणी मुद्दाम काढलेला नाही.

विकतचे फाँट मात्र कुणाच्या तरी मशीनवरून उचलून लॅबमध्ये टाकू नका. मागे लागू नका, मी टाकून देणार नाही.

सहावी: प्रिंट

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नका. कधीच नाही. तिथल्या मशीनवर काय आहे ते तुमच्या हातात नाही. जिथे फाइल नीट दिसते तिथेच पीडीएफ करा. मग ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून प्रॉपर्टीजमध्ये फाँट्सचा टॅब बघा. प्रत्येक फाँटच्या नावापुढे तो ‘एम्बेडेड’ असल्याचं लिहिलेलं पाहिजे. एकाच्या पुढे नसेल तर नेमका तोच दगा देतो.

सगळं ठीक असून कागदावर घोळ होत असेल तर प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ वर खूण करा. पान चित्र म्हणून जातं, प्रिंटरला फाँटमध्ये लुडबुड करायला वाव राहत नाही. जरा हळू चालतं, पण येतं. आणि आधी एकच पान काढा, ज्यात जोडाक्षरं भरपूर आहेत असं. मुखपृष्ठ नको, त्यावर मोठ्या अक्षरात सगळं चांगलंच दिसतं.

सातवी आणि सगळ्यात कष्टाची: जुना फाँट युनिकोडमध्ये आणणं

फाइल खरोखर कृतिदेव किंवा श्री-लिपीत असेल आणि ती नुसती छापायची असेल, तर बदलूच नका. ज्यानं टाइप केली त्याच्याकडूनच पीडीएफ मागवा. दोन मिनिटांचा फोन. पोरं लाजतात आणि रात्रभर जागतात.

पण पुढे मजकुरात बदल करायचे असतील, किंवा पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाणार असेल, तर युनिकोड हवाच. जुन्या फाँटमधला मजकूर माणसाला मराठी दिसतो, पण शोधणाऱ्या यंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअरही रोमन भेळच वाचतं. अहवाल शून्य टक्के आला म्हणून एक जण खूश होऊन पेढे घेऊन आला होता. पेढे खाल्ले, मग सांगितलं.

परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, इंटरनेटवर मिळतात. फाँटच्या प्रत्येक घराण्याला वेगळा लागतो, म्हणून दुसऱ्या तपासणीत नाव लिहून घ्यायला सांगितलं. श्री-लिपीत तर एकाच नावाखाली अक्षरांच्या वेगवेगळ्या मांडण्या असतात, दोन-तीन करून बघाव्या लागतात. सगळी फाइल एकदम ओतू नका. आधी एक परिच्छेद घ्या ज्यात ह्रस्व वेलांटी, रफार, ऱ्या, ळ, क्ष, ज्ञ सगळं येतं. माझी परीक्षेची ओळ अशी: ‘दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींनी तळ्यांच्या ऱ्हासाची शास्त्रज्ञांना पटणारी कारणं परीक्षेत लिहिली.’

या ओळीत इतका काटा का आहे? जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं टाइप होतात: ‘कि’ मध्ये वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट, जुन्यात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे परिवर्तकाला अक्षरं नुसती बदलून चालत नाही, उचलून जागा बदलावी लागते, आणि ‘विद्यार्थिनी’सारख्या शब्दात तो हमखास अडखळतो. दुसरा काटा ऱ्या चा. हा चंद्रकोरीसारखा र मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. हिंदीसाठी लिहिलेले परिवर्तक ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’ करतात आणि रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. ‘शोधा’ मध्ये टाकल्यावर शब्द समोर असून सापडत नसेल तर हेच कारण.

इंग्रजी मजकूर आधी बाजूला काढा. संदर्भसूची, संकेतस्थळांचे पत्ते, आकडे, तळटीपा. परिवर्तकाला ई दिसला की तो म करणार, ते ई तुमच्या संदर्भग्रंथाच्या नावातलं आहे हे त्याला कसं कळावं? आणि मुलाखतींमधली माणसांची नावं, फोन नंबर अनोळखी संकेतस्थळावर टाकू नका.

फाइल हरवली आणि फक्त छापील प्रत उरली असेल तर पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सनं उघडा. चित्राखाली ओळखलेला मजकूर येतो. मराठी बरीच चांगली ओळखतो, पण अनुस्वार गाळतो आणि ‘ध’ ला ‘घ’ करतो. दोन्ही वाटांनी आलेला मजकूर मूळ प्रतीशी लावून, मोठ्यानं वाचून तपासा. एकानं वाचायचं, एकानं बघायचं.

इथे थांबा

प्रश्नचिन्हं. फाइल साध्या टेक्स्ट स्वरूपात, मराठीला जागाच नसलेल्या जुन्या एएनएसआय पद्धतीनं सेव्ह झाली की मराठीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यामागे काही दडलेलं नसतं. कुठलाही फाँट, कुठलाही परिवर्तक, कुठलाही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही, आणि आणतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आधीची प्रत शोधा: पाठवलेल्या मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर गाइडना पाठवलेली, गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत, टाइप करणाऱ्याच्या मशीनवर.

पेन ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करायचा का’ असं विचारलं तर रद्द करा, काढा आणि परत लावू नका. हा अक्षरांचा बिघाड नाही. आत महत्त्वाचं असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. तोवर त्यावर काहीही लिहू नका, फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअरंसुद्धा त्याच ड्राइव्हवर उतरवू नका. मी लॅबमध्ये हे काम करत नाही, करूही नये.

शंभरावर पानं, दोन-तीन जुने फाँट मिसळलेले, तळटीपा आणि तक्ते भरपूर, हाताशी आठवडा नाही: स्वतः करायला बसू नका. दोन्ही पद्धती जाणणाऱ्या डीटीपीवाल्याकडे द्या आणि कबूल करताना मघाची परीक्षेची ओळ त्याच्याकडून करून घ्या. ती बरोबर आली तरच काम द्या.

ॲडमिन पासवर्ड मागणारा कुठलाही बदल असेल तर सिस्टिम ॲडमिनकडे लेखी द्या. अंदाजानं पासवर्ड मारत बसलात तर खातं लॉक होतं आणि मागच्या मुलाची प्रॅक्टिकल अडते. पोर्टलनं फाइल नाकारली तर आधी संदेश नीट वाचा. बऱ्याचदा तक्रार आकाराची किंवा फाइलच्या नावाची असते, अक्षरांची नसते. नाव मराठीत दिलं असेल तर रोमनमध्ये करून बघा. तरी नाही झालं तर परीक्षा विभाग, मी नव्हे.

माझ्याकडे येताना मूळ फाइल आणा, न छेडलेली. फाँटचं नाव लिहिलेला कागद आणा, आणि शक्य असेल तर कसं दिसायला हवं त्याचं एक छापील पान. शेवटच्या दिवशी चारच्या आत या. त्यानंतर रांगेत प्रिंटरवाले असतात. आणि पेन ड्राइव्हवर नाव लिहा की. माझ्या खणात सात पडलेत, एकाला नुसती निळी लोकर बांधलीय.